धाकटीचा हात

चुलतभाऊ ऑफिसच्या कामाने ॲमस्टरडॅमला जाऊन आला, येताना सगळ्यांना चीज नि चॉकलेटं आणि आत्याला मात्र म्युझियमच्या दुकानातला पोस्टकार्डांचा एक संच, कारण आत्याला चित्रातलं कळतं हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. संच मारिया सिबिला मेरियन या सतराव्या शतकातल्या जर्मन चित्रकर्तीच्या चित्रांचा. तीच ती, सुरवंट आणि फुलपाखरंवाली. एका कार्डावर अननस आणि त्यावर फिरणारी झुरळं, दुसऱ्यावर पेरूची फांदी आणि फांदीवर हे एवढाले केसाळ कोळी, त्यातल्या एकाने तर चक्क हमिंगबर्डला उताणं पाडलेलं. बाकीच्यांनी "ई, झुरळं काय" म्हणत कार्डं पुढे सरकवली. आत्याने चष्मा कपाळावर चढवला, कार्ड जवळजवळ नाकाला लावलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग मला म्हणाली, "हे एकीचं काम नाही गं. निदान दोन हात आहेत यात." मी कार्ड उलटून दाखवलं, मागे एकच नाव छापलेलं होतं. "छापू दे की," आत्या म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

ते "छापू दे की" माझ्या डोक्यातून जाईना.

आत्याने आयुष्यभर एका मेडिकल कॉलेजात आर्टिस्टची नोकरी केली. पदाचं नावच ते, आर्टिस्ट, पगारपत्रकात क्लार्क आणि लॅब टेक्निशियनच्या मध्ये कुठेतरी. ॲनाटॉमीच्या सरांनी सांगायचं आणि हिने काढायचं, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडाचा उभा छेद, हाताच्या नसा, सगळं भल्यामोठ्या कागदावर पोस्टर कलरने, मागून मांजरपाट चिकटवलेलं आणि वर-खाली लाकडी पट्टी. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचे तेव्हा फॉर्मॅलीनच्या वासाने डोळे चुरचुरायचे आणि ती निवांत एका बरणीसमोर बसून बरणीत जे काय असेल ते बघून बघून रंगवत असायची. बरणीतलं सगळं राखाडी पडलेलं असतं, फॉर्मॅलीन रंग खाऊन टाकतं, त्यामुळे यकृत मुळात कुठल्या तांबड्याचं असतं ते रंगवणाऱ्याला माहीत असावं लागतं. चार्टवर सही कधीच नाही. पुढे प्रोजेक्टर आले, चार्ट स्टोअरमध्ये गेले, डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि एक दिवस त्यांचं रीतसर निर्लेखन झालं, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून कायमचे उडवले. मला या गोष्टीचा भयंकर राग येतो. आत्याला येत नाही, आणि तिला तो येत नाही याचाही मला राग येतो.

तर मग मी रात्री-बेरात्री नेटवर बसून तो दुसरा हात कोणाचा ते शोधत बसले. दोन हात नव्हतेच, तीन होते, कधी कधी त्याहून जास्त. मेरियनचं घर म्हणजे कारखाना होता, आई आणि दोन मुली. थोरली योहाना हेलेना, धाकटी डोरोथेआ मारिया. धाकटीचा जन्म १६७८ चा, जर्मनीतल्या न्युरेम्बर्गचा. ती वर्षाची होते न होते तोच आईचं सुरवंटांचं पहिलं पुस्तक आलं, म्हणजे ही पोर रांगत असताना घरभर पेट्या असणार, पेट्यांत पानं, पानांवर अळ्या, आणि आई पहाटेपासून डोळे लावून बसलेली की कोष कधी फुटतोय. पुढे आईने नवऱ्याला सोडलं, मुलींना नि म्हाताऱ्या आईला घेऊन हॉलंडमध्ये फ्रिसलंडला एका कडक धार्मिक पंथाच्या वस्तीत जाऊन राहिली, तिथून १६९१ मध्ये ॲमस्टरडॅम. या सगळ्या धावपळीत मुलींची शाळा म्हणजे आईचं टेबल. ब्रश धरायचा तो आई धरते तसा, सावली द्यायची ती आई देते त्या बाजूने. थोरली निदान सही तरी करायची, तिच्या सहीची फुलं ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहेत. धाकटीच्या सहीच्या बाबतीत सगळा आनंदच. आज तज्ज्ञ मंडळी एकेका कागदावर वाद घालतात, हे आईचं की हिचं. ब्रिटिश म्युझियममध्ये एका लाल शराटीचं चित्र आहे, तीच ती लांब वाकड्या चोचीची, शेजारी एक अंडं. ते धाकटीचं मानतात. मी स्क्रीनवर ते मोठं मोठं करून बघितलं आणि मला सगळ्यात काय आवडलं असेल तर त्या पक्ष्याचा रुबाब. आईची चित्रं कायम काहीतरी होत असल्याची असतात, कोण कोणाला खातंय, कोण कशातून बाहेर येतंय. ही शराटी नुसती उभी आहे. पण हे मला आधी माहीत होतं म्हणून दिसलं का, नाव नसतं लिहिलं तर दिसलं असतं का, देव जाणे.

१६९९ मध्ये आई बावन्न वर्षांची आणि ही एकवीसची असताना दोघी जहाजात बसून सुरिनामला गेल्या. सोबत कोणी पुरुष नाही, कुठल्या सरकारचा पैसा नाही, आईने स्वतःची चित्रं विकून खर्च उभा केला. तिथले मळेवाले यांना हसायचे की साखर सोडून बाकी कशात रस घेणारी ही कोण येडी बाई. दोन वर्षांत आईला तापाने इतकं खाल्लं की १७०१ मध्ये परतावं लागलं. त्यातून जे पुस्तक झालं, १७०५ चं, साठ चित्रांचं, ते आपल्या माणसाने बघितलं तर त्याला वेगळीच गंमत वाटते कारण सगळं ओळखीचं निघतं. अननस, पेरू, काजू, पपई, रताळं. हे सगळं पोर्तुगीज वगैरे लोकांच्या जहाजांतून इकडे आलं आणि आपण इतकं आपलंसं केलं की कोकणातल्या माणसाला काजू परका आहे म्हणून सांगा बरं. आणि एका पानावर शंकासूर! आमच्या वाड्याच्या दारात होता तोच, लाल-पिवळा, लांब मिशांसारखे पुंकेसर बाहेर काढलेला, ज्याच्या शेंगा आम्ही वाजवत फिरायचो. त्या चित्राशेजारी मेरियनने लिहून ठेवलंय की या झाडाच्या बिया तिथल्या गुलाम बायका गर्भ पाडायला वापरतात, आपल्या पोटची पोरं गुलाम होऊ नयेत म्हणून, आणि हे त्यांनीच तिला सांगितलं. मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. इतकी वर्षं दारात असलेल्या झाडाबद्दल असं काही कळलं की काय करायचं असतं कोणास ठाऊक. आणि हेही खरंच की या मायलेकींसाठी रान तोडून वाट करणारे, किडे धरून आणणारे तेच गुलाम लोक होते. त्यांच्या हातांचा तर कोणी वादही घालत नाही.

अजून एक धागा, जो मला सोडवत नाही. या पुस्तकातल्या झाडांची लॅटिन नावं-टिपणं ज्याने लिहिली तो कास्पर कॉमेलिन, आणि याच कॉमेलिनने त्याआधी 'हॉर्टस मलाबारिकस'ची सूची केली होती. म्हणजे मलबारच्या वनस्पतींचा तो प्रचंड डच ग्रंथ, ज्याचा पहिला खंड ॲमस्टरडॅमला छापला गेला १६७८ मध्ये, बरोबर डोरोथेआच्या जन्माच्या वर्षी. त्यात कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांची साक्ष छापलीय, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट, त्यांच्या कोकणीत, आपल्या नागरी अक्षरात. आम्ही ही माहिती दिली, असं त्यांनी लेखी दिलं आणि डच लोकांनी त्याचा ठसा करून जसंच्या तसं छापलं. मला या गोष्टीचं काय कौतुक वाटलं सांगू! साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात कोणीतरी डच माणूस आपली शिरोरेषा कोरत बसलाय. त्या वैद्यांची नावं राहिली कारण त्यांची साक्ष हवी होती. ग्रंथ खरा आहे हे सांगायला त्यांची सही लागत होती. डोरोथेआच्या बाबतीत उलटं होतं. पुस्तक खरं वाटायला एकच नाव लागत होतं, आईचं.

सुरिनामहून परतल्यावर त्याच वर्षी धाकटीने एका सर्जनशी लग्न केलं, हेंड्रिक्स आडनावाचा. पुढे तो वारला. आणि मधल्या सगळ्या काळात ॲमस्टरडॅमच्या त्या घरात छापणं, रंगवणं, विकणं चालूच. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छाप घेतला की शाई ओली असतानाच त्यावर दुसरा कोरा कागद दाबायचा. त्या दुसऱ्या कागदावर चित्र उलटं उमटतं पण रेघ फिकी, मऊ येते, आणि मग ती हाताने रंगवली की छापलेलं वाटतच नाही, अस्सल जलरंगातलं चित्र वाटतं. गिऱ्हाईक खूश, भाव जास्त. हे रंगवायचं काम म्हणजे तेच फूल, तेच पान, तोच सुरवंट, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी गिऱ्हाइकाला ते पहिल्यांदाच काढलंय असं वाटायला पाहिजे. आत्याला मी हे सांगितलं तर तिचे डोळे चमकले, म्हणाली, "मग हात तयार होणारच! पन्नासाव्या पानाला हात आपोआप जातो, डोकं दुसरीकडे असलं तरी चालतं." १७१५ मध्ये आईला झटका आला, अंगाची एक बाजू गेली. त्यानंतरही मेरियनच्या घरातून चित्रं बाहेर पडतच होती, तर ती कोणी काढली हे सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे. त्याच वर्षी डोरोथेआने दुसरं लग्न केलं, गेऑर्ग ग्सेल नावाच्या स्विस चित्रकाराशी. हा त्यांच्याच घरात राहायला आलेला, पहिल्या बायकोपासूनच्या मुलींचा बाप. त्याच्या मुलींमधल्या एकीचं नाव काटारिना, ते लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१३ जानेवारी १७१७ ला मारिया सिबिला मेरियन वारली. त्याच दिवशी, म्हणजे घरात प्रेत असताना म्हणायला हरकत नाही, रशियाच्या झारचा डॉक्टर रॉबर्ट अर्स्किनने तिची जलरंगातली चित्रं खरेदी केली. पीटर द ग्रेट तेव्हा ॲमस्टरडॅममध्येच मुक्कामाला होता आणि दिसेल ते विकत घेत सुटला होता, सेबा नावाच्या औषधविक्याचे प्राणी, रुइश या शरीरशास्त्रज्ञाच्या बरण्या. २५४ चित्रं आणि तीन हजार गिल्डर असा आकडा सांगतात. आईची टिपणवही अर्स्किनने स्वतःसाठी घेतली, तो पुढच्याच वर्षी वारला, आणि ती वहीही शेवटी झारच्याच संग्रहात जमा झाली. आज ती पीटर्सबर्गलाच आहे. मला सारखं त्या दिवसाचं चित्र डोळ्यांपुढे येतं. एका खोलीत आई, दुसऱ्या खोलीत व्यवहार. डोरोथेआला काय वाटलं असेल हे मी नाही सांगू शकत, पण घर चालवणाऱ्या बाईला आपण ओळखतो ना, झारचा माणूस दाराशी आलाय, पैसा रोख आहे, आणि अंत्यविधीचा खर्च आहेच. त्याच वर्षी तिने आईचा सुरवंटांचा तिसरा भाग छापून पूर्ण केला, अर्थातच आईच्या नावाने. सुरिनामच्या पुस्तकाचे तांब्याचे पत्रे एका प्रकाशकाला विकून टाकले. आणि ऑक्टोबरमध्ये नवऱ्याबरोबर निघाली सेंट पीटर्सबर्गला. झारने ग्सेलला दरबारचा चित्रकार म्हणून नेमलं होतं. हिच्या आयुष्यातलं सगळं चंबूगबाळं त्या एका वर्षात आवरलं गेलं, आणि आईची चित्रं तिच्याआधीच रशियाला विकली गेली होती.

ती गेली तेव्हा पीटर्सबर्ग जेमतेम चौदा वर्षांचं शहर होतं. दलदलीवर खांब ठोकून उभं केलेलं, निम्मं बांधलेलं, नेवा नदीला पूर आला की घरात पाणी. हिवाळ्यात नदी गोठते आणि डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड मिळतो. जलरंग करणाऱ्या माणसाला सहा तास उजेड म्हणजे काय हे आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "त्यातला पहिला तास आणि शेवटचा तास धरायचा नाही, पिवळा कळत नाही." म्हणजे राहिले चार. सुरिनामच्या डोकं फुटेल अशा उन्हात वेलम रंगवलेली बाई आता शेगडीशेजारी बसून, बोटं शेकत, चार तासात काय होईल ते करतेय. वेलम म्हणजे कोवळ्या कातड्याचा कागद, त्यावर सफेदा चढवायचा, घासून गुळगुळीत करायचा, मग रंग. पाणी जास्त झालं की कातडं फुगतं, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडाच ठेवायचा आणि बारीक बारीक रेघांनी रंग बसवत जायचं. डिंकात खललेले रंग, नीळ, जंगाल, आणि किरमिजी, जो मुळात किड्यांपासूनच काढतात. जन्मभर किडे रंगवणाऱ्या घराण्याने किडेच खलून किडे रंगवले, याची त्यांना गंमत वाटत असेल का? बहुतेक नाही, गंमत आपल्याला वाटते, त्यांना त्याचा तोळ्याचा भाव माहीत असणार.

ती पोचून चार महिने होत नाहीत तोच, फेब्रुवारी १७१८ मध्ये, झारने एक फर्मान काढलं. राज्यात कुठेही विद्रूप जन्मलेलं काही, माणसाचं असो, जनावराचं असो, पक्ष्याचं असो, सापडलं तर दडवून न ठेवता सरकारजमा करा. आणि खाली रेटकार्ड. मेलेल्या माणसाचे दहा रुबल, जनावराचे पाच, पक्ष्याचे तीन. जिवंत असेल तर माणसाचे शंभर, जनावराचे पंधरा, पक्ष्याचे सात. लोकांनी हा सैतानाचा खेळ समजून घाबरू नये, निसर्ग आहे, शिकावं, असा उदात्त हेतू. या सगळ्या माल-मसाल्यासाठी जे उभं राहिलं ते कुन्स्टकामेरा, रशियातलं पहिलं संग्रहालय. लोकांनी यावं म्हणून तिथे तिकीट तर नव्हतंच, उलट येणाऱ्याला दारू-कॉफी पाजायचे असं सांगतात. आणि इथे आपल्या डोरोथेआची नोकरी. बरण्यांतले जीव, पेंढा भरलेले पक्षी, शिंपले, दगड, जे येईल ते समोर ठेवायचं आणि हुबेहूब काढायचं. शिवाय १७२४ मध्ये अकॅडमी ऑफ सायन्सेस निघाल्यावर तिथे नवरा-बायको दोघांनी रशियन पोरांना चित्रकला शिकवायची. पगार रखडायचे, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मी इथे अडकले. म्हणजे वाचायचीच थांबले काही काळ. कारण मला वाईट वाटत होतं, पण कशाचं ते ठरेना. आईच्या हाताखाली जिवंत अळीचं फुलपाखरू होताना बघितलेली मुलगी, आणि आता तिच्यासमोर बरणीत जे आहे ते कशाचंच काही होणार नाहीये. आधी ती बापाची, म्हणजे ग्राफची मुलगी, मग हेंड्रिक्सची बायको, मग ग्सेलची बायको, आणि कायम मेरियनची धाकटी. असं लिहिलं की लाइक भरपूर मिळतात. आत्याला फोन करून मी हे सगळं तावातावाने ऐकवलं तर ती शांतपणे म्हणाली, "सही कशाला पाहिजे होती तिला? पोरांनी आतडं बघायचं का माझी सही बघायची?" तिने स्वतःचंच उत्तर दिलं, पण ती डोरोथेआबद्दलच बोलत होती यात शंका नाही. मग म्हणाली की असं चित्र काढताना एकच भीती असते, आपण त्यात शिरण्याची. आपल्याला एखादी नस सुंदर वाटली म्हणून जरा जास्त वळवली तर उद्या एखादा मुलगा पेशंटच्या हातात ती नस तिथेच शोधेल. "हुबेहूब काढायचं म्हणजे स्वतःला दाराबाहेर बसवायचं. ते जमायला पाच वर्षं लागतात, आणि जमलं की मजा असते बरं का, तुला वाटतंय तसं दुःख नसतं." मला हे पटलं असं नाही. आत्या प्रामाणिकपणे बोलतेय की तीस वर्षांच्या नोकरीनंतर माणूस असं बोलायला शिकतो, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

पण मग आगीचं वाचलं.

१७३० आणि ४० च्या दशकात कुन्स्टकामेरामध्ये एक अवाढव्य काम चाललं होतं, संग्रहातल्या वस्तूंची एक एक करून जलरंगात चित्रं काढून ठेवायची. चिनी वस्तू, सायबेरियातल्या थडग्यांतलं सोनं, डब्या, मूर्ती, हत्यारं, प्राणी-पक्षी. कागदावरचं दुसरं म्युझियमच म्हणायचं. डोरोथेआ, तिच्या हाताखाली शिकलेली पोरं, त्यांच्या हाताखाली शिकलेली अजून पोरं. बहुतेक चित्रांवर सही नाही, आणि सगळ्यांची धाटणी एक, कारण शिकवणारा हात एक. आणि तो हात कोणी घडवला होता? न्युरेम्बर्गच्या अळ्यांच्या पेट्यांनी. डिसेंबर १७४७ मध्ये कुन्स्टकामेराला आग लागली. मनोरा जळाला, आतला तो माणूस आत शिरून बसू शकेल एवढा प्रचंड गोटॉर्पचा पृथ्वीगोल जळाला, नुसता धातूचा सांगाडा उरला, आणि वस्तू तर किती गेल्या. चित्रं मात्र बरीचशी वाचली. आज त्यातली दोन हजारांच्या वर आहेत, अकॅडमीच्या दप्तरात, हर्मिटाजमध्ये, रशियन म्युझियममध्ये पांगलेली, आणि जळून गेलेली वस्तू नेमकी कशी होती, तिला कडी कुठे होती, तडा कुठे गेला होता, हे त्या चित्रांवरूनच कळतं. तडासुद्धा काढलाय म्हणजे बघा. कोणी स्वतःची कला दाखवायला बसलं असतं तर तडा आधी गाळला असता. डोरोथेआ तोवर नव्हती, ती १७४३ मध्येच गेली, नवरा तिच्याआधी तीन वर्षं. मला आत्याच्या चार्टांची आठवण येऊन पुन्हा राग आला, कारण इथे वस्तू जळाल्या आणि चित्रं राहिली, आणि आमच्याकडे चित्रांचं निर्लेखन झालं आणि बरण्या अजून शेल्फवर आहेत.

आता ती काटारिना. ग्सेलची आधीच्या लग्नाची मुलगी, डोरोथेआची सावत्र. तिने जानेवारी १७३४ मध्ये अकॅडमीतल्या एका तरुण स्विस गणितज्ञाशी लग्न केलं, नाव लिओनार्ड ऑयलर. हो, तोच, ज्याच्या सूत्रांनी आपल्याला इंजिनियरिंगला घाम फोडला. तेरा मुलं झाली, पाच जगली. काटारिना १७७३ मध्ये वारली आणि तीन वर्षांनी ऑयलरने तिच्याच सावत्र बहिणीशी लग्न केलं, सालोमे अबिगाईल, ही डोरोथेआची पोटची. म्हणजे मारिया सिबिला मेरियनची नात ऑयलरची बायको. तोवर ऑयलरची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती, सगळं तोंडी सांगायचा आणि दुसरे लिहून घ्यायचे. एका घराण्याने तीन पिढ्या डोळे फोडून फोडून बघितलं आणि तिसरीच्या पदरात न दिसणारा नवरा, यावर काहीतरी भारी वाक्य लिहायचा मोह होतोय, पण सालोमे चित्र काढायची की नाही हेच मला कुठे सापडलं नाही, तेव्हा जाऊ दे. मला त्या घराबद्दलच जास्त कुतूहल आहे. १७३५ च्या आसपासचं जेवणाचं टेबल, एका बाजूला सासरे ग्सेल, ज्यांनी झारच्या दरबारातल्या बुर्ज्वा नावाच्या राक्षसी उंचीच्या फ्रेंच माणसाचं चित्र काढलं होतं, त्याचा सांगाडा पुढे त्याच म्युझियममध्ये उभा केला, दुसरीकडे सत्तावीस-अठ्ठावीसचा जावई ऑयलर, मधे बारा वर्षांची सालोमे, आणि डोरोथेआ वाढतेय. कुठली भाषा बोलत असतील? जर्मन, अधूनमधून डच, मोलकरणीशी मोडकीतोडकी रशियन. नखांत जंगाल अडकलेलं असणारच, ते लिंबानेही निघत नाही.

आणि १७३६. अठ्ठावन्न वर्षांची डोरोथेआ अकॅडमीच्या कामावर पुन्हा ॲमस्टरडॅमला जाते. पीटर्सबर्ग ते ॲमस्टरडॅम, बाल्टिकमधून, त्या वयात. काम काय तर आईची अजून काही चित्रं बाजारात आहेत ती अकॅडमीसाठी खरेदी करून आणायची. एकोणीस वर्षं झालेली, आईचं नाव आता चांगलंच चालणारं. आणि कुठली अस्सल, कुठली नाही हे सांगायला तिच्याइतका जाणकार माणूस युरोपभरात दुसरा नव्हता, कारण तिच्याखेरीज हे माहीतच कोणाला असणार. मला हा प्रसंग डोक्यातून काढताच येत नाही. एखाद्या दुकानदाराने कपाट उघडलंय, एकेक कागद पुढे टाकतोय, मादाम, हे बघा, खात्रीचं मेरियन. ती चष्मा वर करून बघते. काही आईची आहेत. काही बहिणीची. आणि काही १७१६ च्या कुठल्यातरी दुपारी तिने स्वतः रंगवलेली, आई पलीकडे अंथरुणाला खिळलेली असताना. ती काय बोलली असेल? मला विचाराल तर काहीच नाही. दुकानदाराशी थोडी घासाघीस केली असेल, भाव उतरवला असेल, आणि आपलीही दोन-चार त्या गठ्ठ्यात घालून घेतली असतील, आईच्या नावाने, आईच्या भावाने, सरकारी खर्चात. अकॅडमीने तसाही पगार रखडवलाच होता.